पाचवा गिअर

राहात्याच्या सहादेवची पिकअप बावीस वर्षांची होती आणि तिला चारच गिअर होते. पेरू भरून ती आठवड्यातून दोनदा नगरच्या मार्केटला जायची. साठच्या पुढे गेली की इंजिन असं बोंबलायचं, की शेजारी बसलेल्या माणसाचे नुसते ओठ हलताना दिसायचे. कुणीतरी सहादेवच्या डोक्यात भरवलं की पाच गिअरचा गिअरबॉक्स बसवून घे, पाचव्यात इंजिन निवांत फिरेल, डिझेल वाचेल. तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना.

गनीभाई मेकॅनिक या गाडीला तिच्या मालकापेक्षा जास्त ओळखायचे. त्यांनी लगेच होकार दिला नाही. माल किती भरतोस, घाट किती, येताना गाडी रिकामी असते का, सगळं विचारून घेतलं. भरली गाडी विळद घाटात तिसऱ्यावरच चढणार, तिथे पाचव्याचा उपयोग नाही आणि जबरदस्तीने टाकला तर म्हाताऱ्या इंजिनाला घरघर लागेल, असं त्यांनी बजावलं.

"पाचवा गिअर म्हंजी जावयाची खुर्ची," ते म्हणाले. "घरात असली तर बरी. पन तिच्यावर रोज बसतंय कोन, ते आदी बघ."

एका खेपेला गाडी टॉप गिअरमध्ये, म्हणजे चौथ्यात, किती मिनिटं सुखाने पळते ते मोजायचं, आणि जाऊन-येऊन तासाच्या वर भरली तरच गिअरबॉक्स बदलायचा, असं ठरलं.

गाडी चालवताना लिहिता येत नाही, म्हणून सहादेवने बायकोला, सुरेखाला, सोबत घेतलं. टॉप पडला का, असं तिने अधूनमधून विचारायचं, त्याने ओरडून व्हय म्हणायचं आणि तिने घड्याळ बघून वहीत मांडायचं. सुरेखाने काम चोख केलं. बाभळेश्वर, कोल्हार, राहुरी करत ती विचारत राहिली आणि तो व्हय म्हणत राहिला. परत आल्यावर दोघंही समाधानाने जेवली.

तिसऱ्या दिवशी मंडपवाला पेरूच्या बागेत येऊन उभा राहिला. मंडपासाठी कडेच्या फांद्या छाटल्या तर चालतील का, असं त्याने विचारलं. कसला मंडप, हे सहादेवला कळेना. तो तसाच घरात गेला.

"भारतीचा साखरपुडा," सुरेखा शांतपणे म्हणाली. भारती म्हणजे पाथर्डीला दिलेल्या तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी. "तुमीच तर व्हय म्हनले."

तिने वही समोर धरली. डावीकडे मिनिटं होती आणि उजवीकडे सहादेवचे शब्द. बाभळेश्वरच्या पुढे तिने विचारलं होतं, साखरपुडा आपल्याकडे ठेवायचा का? उत्तर, 'व्हय.' कोल्हारला, माणसं दीडशे होतील, झेपंल का? 'व्हय, पन दम लागंल.' राहुरीला, पाहुणे मुक्कामाला राहिले तर? 'ऱ्हाऊ दे, उतारावर बघू.'

सहादेव म्हणाला की तो गिअरबद्दल बोलत होता. सुरेखा म्हणाली की ती साखरपुड्याबद्दल बोलत होती. तेवढ्यात भारतीचाच फोन आला. तिचे वडील दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि नवऱ्या मुलाकडची माणसं कोपरगावची, तेव्हा कार्य कुठे करायचं हा घोर तिच्या आईला लागला होता.

"काका, मावशी म्हनली, तुमी इचार पन केला न्हाई. लगेच व्हय म्हनले," भारती म्हणाली.

"आगं, त्यात इचार काय करायचा," सहादेव म्हणाला. मग बागेत जाऊन त्याने मंडपवाल्याला कुठली फांदी छाटायची ते दाखवलं.

पुढचे आठ दिवस पिकअपने भांडी, खुर्च्या, आचारी आणि पाथर्डीचे पाहुणे वाहिले. माणसं दीडशेवरून दोनशेवर गेली. साखरपुडा मात्र असा झाला की कोपरगावकर जाताना सहादेवचा हात सोडेनात.

गनीभाईही जेवायला आले होते. हात धुऊन त्यांनी वही मागितली. जाताना बावीस मिनिटं, येताना एक्कावन्न. मग त्यांनी उजवीकडची बाजूही सावकाश वाचली.

"बसवून टाकू," ते म्हणाले. "डिझेल किती वाचंल ते सांगता येत न्हाई. पन तुला ऐकू येनं जरुरी हाय."

गिअरबॉक्स बसवायला चार दिवस लागले. नवा गिअरबॉक्स लांब, म्हणून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड करावा लागला. पहिल्या खेपेला सुरेखा हौसेने सोबत आली. नगरहून रिकाम्या गाडीने परतताना, राहुरीच्या पुढे सहादेवने पाचवा टाकला. इंजिन एकदम मवाळ झालं. खिडकीतून वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. पाच-सहा किलोमीटर गेले तरी सुरेखा गप्पच होती.

"काय झालं? बोल की," सहादेव म्हणाला.

"काय न्हाई. मनात हुतं एक," ती बाहेर बघत म्हणाली. "पन आता तुमाला ऐकू येतंय. न्हाईच म्हनाल."

सहादेवने गिअरचा दांडा ओढून गाडी परत चौथ्यात आणली. इंजिन बोंबलायला लागलं. सुरेखाने त्याच्याकडे वळून काहीतरी विचारलं. भरपूर मोठं असावं, कारण ओठ बराच वेळ हलत होते.

"व्हय," सहादेव म्हणाला.