पुस्तकात गरम पाणी चोवीस तास

हिरामण म्हात्र्यांच्या पुस्तकाला एक स्टार पडला, तेव्हा ते आपल्या होमस्टेवर उतरलेल्या डोंबिवलीच्या पाहुण्यांना घावणे वाढत होते. प्रज्योतने, म्हणजे त्यांच्या मुलाने, मोबाइल पुढे धरला. हिरामणनी वाचलं, हातातलं घावणं ताटाऐवजी पाहुण्याच्या मांडीवर ठेवलं आणि वाडीत निघून गेले. पाहुणा सज्जन होता. त्याने ते तिथूनच खाल्लं.

मोबाइलवर लिहिलं होतं: "पुस्तकात नारळाशिवाय काही नाही. जे आहे तेही चूक. कोंडाजी घरत, पेण."

आता या पुस्तकाचं नाव 'माड : निगा आणि निष्ठा' होतं. निसर्ग चक्रीवादळात म्हात्र्यांच्या नागावच्या वाडीतले बहुतेक माड आडवे झाले. ते पुन्हा उभे करताना हिरामणना जे जे कळलं, ते ते त्यांनी लिहून काढलं, अलिबागेत छापून घेतलं आणि प्रज्योतने ते एका ॲपवर विक्रीला ठेवलं. नारळाच्या पुस्तकात नारळच असणार, हे हिरामणना उघड वाटत होतं. इतिहासाच्या पुस्तकात जुनीच माणसं भेटली म्हणून कुणी तक्रार करतं का, असं त्यांनी आधी सत्यवतीबाईंना विचारलं, मग प्रज्योतला आणि शेवटी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला. नळवाला म्हणाला, वायसर बदलावा लागेल.

त्या दुपारी हिरामणनी जेवण बाजूला सारून ॲपवर इतर माहितीपर पुस्तकांना वाचक काय म्हणतात ते तपासलं. योगासनांच्या पुस्तकाला एकाने एक स्टार दिला होता, कारण ते वाचताना त्याची मान आखडली. बचतीवरच्या पुस्तकाला दोन स्टार: महाग आहे. किल्ल्यांच्या पुस्तकाला एक: कुरिअरवाला उद्धट होता. सापांच्या पुस्तकाला मात्र पाच, कारण मत देणाऱ्या बाईंच्या मुलाने त्यातली सगळी चित्रं रंगवून टाकली होती. झोपेवरच्या पुस्तकालाही पाचच, दुसऱ्या पानावरच झोप लागली म्हणून. मधमाशांच्या पुस्तकाखाली दोन वाचकांची एका तिसऱ्याच विषयावर भांडणं लागली होती आणि त्यात एकाने दुसऱ्याची जात काढली होती. संध्याकाळपर्यंत हिरामण देशातल्या समस्त माहितीपर लेखकांच्या वतीने संतापलेले होते.

पण खरा सल वेगळा होता. पुस्तक छापून झालं, वाटून झालं, चार प्रती विकल्याही गेल्या, पण ते वाचलेला माणूस हिरामणना अजून भेटला नव्हता. प्रज्योत म्हणाला होता, "भारी झालंय बाबा, कव्हर." होमस्टेच्या प्रत्येक खोलीत एकेक प्रत ठेवली होती, ती पाहुण्यांनी मच्छर अगरबत्तीखाली आणि न लागणाऱ्या खिडकीच्या फटीत वापरली. सत्यवतीबाई अर्पणपत्रिकेपर्यंत पोचल्या होत्या. तिथे 'दारातल्या बाणवली माडास, जो वादळात गेला' असं होतं. त्यांनी पुस्तक मिटलं आणि देवघराच्या खाली ठेवलं.

"जन्मभर भाकऱ्या मी थापल्या, नि अर्पण झाडाला," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. तेव्हापासून त्या आमटीला ओलं खोबरं घालत नसत.

म्हणून हिरामणनी निष्कर्ष काढला की या घरतानेही ते वाचलेलं नाही. वाचलं असतं तर असं लिहिलंच नसतं. त्यांनी ॲपवर त्याच्या मताखाली जाहीर सवाल टाकला: "आपण पुस्तक वाचले आहे काय?" उत्तर आलं नाही. हिरामणनी तो आपला विजय धरला, पण स्टार एकच राहिला.

आणि मग त्यांनी ती चूक केली, जी फक्त होमस्टेवालाच करू शकतो. त्यांनी ॲपची लिंक गावातल्या होमस्टेवाल्यांच्या ग्रुपवर टाकली आणि वर लिहिलं, "एक स्टार पडला आहे."

या ग्रुपची एक रीत आहे. कुणाही सभासदाला कमी स्टार पडला की बाकीच्यांनी संध्याकाळच्या चहाच्या आत तिथे जाऊन पाच स्टार द्यायचे आणि चार कौतुकाच्या ओळी लिहायच्या. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे. पूर्वी एकमेकांच्या लग्नात पंगतीला वाढायला जात, तसंच हे. ओळी प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तयारच असतात, कारण दर सीझनला नव्या कोण सुचवणार? लिंक उघडायची, पाच स्टार दाबायचे, ओळी चिकटवायच्या, अंगठा दाखवायचा. स्टारच्या वर काय लिहिलंय ते बघायची पद्धत नाही. चादरी, बादल्या मागवायला सगळ्यांची त्याच ॲपवर खाती होती, त्यामुळे अडचणही आली नाही.

चहाच्या आत 'माड : निगा आणि निष्ठा' या पुस्तकाखाली पुढील मतं जमा झाली. "अतिशय स्वच्छ आणि प्रशस्त. माणसं आपुलकीची." "बीचपासून पाच मिनिटं. गाडी लावायला जागा आहे." "गरम पाणी चोवीस तास. फॅमिलीसाठी सेफ." शेजारच्या धनेश पाटलाने सगळ्यात सविस्तर लिहिलं: "सुरमई ताजी. मालक स्वतः लक्ष घालतात. पुढच्या वेळी दोन दिवस जास्त राहणार."

प्रज्योतच्या लक्षात आलं तेव्हा तो घाबरला आणि धनेशकडे धावला. धनेश हॅमॉक बांधत होता.

"पुस्तकाची लिंक होती ती?" धनेश म्हणाला. "मग काय बिघडला? पुस्तकात पण माणूस दोन-चार दिवस राहतोच ना. टेन्शन घेऊ नको."

हिरामणना मात्र ही मतं वाचून आलेला राग आधीच्या रागाहून मोठा होता. त्यांचं म्हणणं, घरताने निदान नारळाचा उल्लेख तरी केला होता. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना मतं काढायला सांगणारा संदेश लिहायला घेतला. तो लिहून होण्याआधी अलिबागहून फोन आला.

फोन कल्पिता ठाकूर यांचा होता. त्या तिथल्या एका वाचनालयाच्या चिटणीस. त्यांच्याकडे 'वाचक बोलतो' नावाचा कार्यक्रम होतो, हे हिरामणना माहीत होतं. दोन वर्षं ते त्याच्या निमंत्रणाची वाट बघत होते. यात लेखकाने मंचावर गप्प बसायचं असतं. पुस्तक वाचलेला एक वाचक उभा राहून आपलं मत मांडतो आणि लेखकाला शेवटी फक्त आभार मानता येतात. जिल्ह्यातल्या पुस्तकांमध्ये यंदा वाचकांची सर्वाधिक पसंती तुमच्या पुस्तकाला दिसते, असं बाई म्हणाल्या. पसंतीचा आकडा त्यांनी पाहिला होता. खालचा मजकूर पाहिला नव्हता. वाचक मात्र लेखकाने आणायचा, अशी वाचनालयाची प्रथा होती.

"आणतो," हिरामण म्हणाले आणि फोन ठेवून पायरीवर बसले. मतं काढायचा संदेश त्यांनी पाठवला नाही. माणूस शेवटी लेखक असतो.

आता प्रश्न वाचकाचा. हिरामणनी घरोघर फिरून विनवलं. कुणाला चतुर्थी होती, कुणाला बुकिंग, कुणी म्हणालं चष्मा बदलायचाय. एकाने प्रामाणिकपणे विचारलं, याचा व्हिडिओ हाय का. शेवटी धनेश म्हणाला, "दादा, मी बोलतो. मी शेजारी. मी न्हाय बोलणार तर कोण?"

"अरे, पण तू वाचलंस का?"

"तुम्ही सही करून दिलाय ना मला. कपाटात हाय. तुम्ही फकस्त बसा."

कार्यक्रमाला अख्खा ग्रुप दोन गाड्या भरून आला, कारण रीत म्हणजे रीत. हिरामण मंचावरच्या खुर्चीत इस्त्रीच्या शर्टात ताठ बसले. दाराशी टेबलावर पुस्तकांचा गठ्ठा मांडला होता. धनेश उभा राहिला, माइक ठोकला आणि सभागृहावर नजर फिरवली.

"पुस्तक स्वच्छ आहे," तो म्हणाला. थोडं थांबून त्याने भर घातली, "प्रशस्त आहे. पानापानात हवा खेळती आहे. मी सहकुटुंब वाचलं. लहान मुलांना काही धोका नाही. लेखक स्वतः लक्ष घालतात."

ग्रुपने टाळ्या वाजवल्या. कल्पिताबाईंनी विचारलं, विशेष आवडलेलं प्रकरण कोणतं? धनेशने विचार केला आणि सांगितलं की सगळीच प्रकरणं समुद्राच्या जवळ आहेत. हिरामणनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक उंच, वाळलेले आजोबा उभे राहिले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात पुस्तक. कॅलेंडरच्या कागदाचे तुकडे खुणेला घालून त्या पुस्तकाचं साळिंदर झालं होतं.

"मी कोंडाजी घरत, पेणवरून आलोय," ते म्हणाले. "माझ्या प्रतीत गरम पाणी न्हाय. सुरमई न्हाय. मी दोनदा वाचलं. आधी वाटलं, मला कमी पानांची प्रत दिली. म्हणून बघायला आलो, तुम्ही लोक वाचताय तरी काय."

धनेश माइकसकट खाली बसला. कोंडाजी पुढे आले आणि बोलू लागले. आधी त्यांनी सांगितलं की 'वाचले आहे काय' असा उद्धट सवाल त्यांना आयुष्यात कुणी केला नव्हता आणि त्याचं उत्तर मोबाइलवर देणं त्यांना कमीपणाचं वाटलं. मग पान बारा. मग पान एकोणीस. खड्ड्यात मीठ किती घालावं यावर लेखक दोन ठिकाणी दोन प्रमाणं देतो, ही फसवणूक आहे. भुंग्याचं चित्र उलटं छापलंय. माडाला माया लागते असं लेखक म्हणतो. माडाला शेण लागतं. हिरामण दोनदा बोलायला उठले आणि दोन्ही वेळा कल्पिताबाईंनी नियमाची आठवण करून त्यांना बसवलं. तिसऱ्यांदा ते उठले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही पसरत होतं, जे सत्यवतीबाईंनी त्यांच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"आणि हे परिशिष्ट तीन," कोंडाजी म्हणाले. "शेजाऱ्याच्या हद्दीत पडलेल्या नारळाची मालकी. हा तर सरळ सरळ अन्याय हाय." त्यांनी चष्मा सरसावून वाचून दाखवलं: "'माझ्या पश्चिमेस निळ्या गेटचा एक शेजारी आहे. आमचा माड त्याच्या अंगणात नारळ टाकतो आणि दुपारपर्यंत तो त्याच्या आमटीत असतो. अशा शेजाऱ्यास वनस्पतिशास्त्रात कीड म्हणतात.'"

ग्रुपमधले सगळे धनेशकडे बघू लागले. गेटला लावायचा निळा ऑइलपेंट त्याने त्यांच्यापैकीच एकाकडून उसना नेला होता.

"दादा, हे छापलंय तुम्ही?" धनेश म्हणाला.

हिरामणना बोलायची परवानगी नव्हती. त्यांनी फक्त मान हलवली.

"आणि मी तुमच्यासाठी इथं उभा राहिलो."

"नारळ पडंल त्याच्या अंगणात तर नारळ त्याचाच," कोंडाजी म्हणाले. "मी याच्याच बाजूचा हाय. म्हणून तर एक स्टार दिला."

मागून एका बाईंनी उठून विचारलं की पुस्तकात अजून कुणाकुणाबद्दल आहे. कोंडाजींनी साळिंदर मिटलं. "मी काय सांगू? वाचा की." यावर सभेत खुर्च्या सरकल्याचा मोठा आवाज झाला. दाराशी मांडलेला गठ्ठा चहा यायच्या आत संपला आणि ज्यांना प्रत मिळाली नाही ते ज्यांना मिळाली त्यांच्या खांद्यावरून बघत गाडीपर्यंत गेले. कल्पिताबाईंनी हिरामणना आभार मानायला सांगितलं, पण समोर कुणी उरलं नव्हतं. त्यांनी कोंडाजींचे मानले. कोंडाजी म्हणाले, मिठाचं प्रमाण आधी ठरवा.

पुढचा आठवडाभर नागावात जेवणं उशिरा होत होती. दुपारी पाहुणे घंटी वाजवत आणि मालक आत परिशिष्ट वाचत असे. धनेशने म्हात्र्यांकडे जादा पाहुणे पाठवणं बंद केलं. ॲपवरचे पाच स्टार एकेक करून गळू लागले. ज्याने ज्याने दिले होते, त्याने त्याने परत जाऊन ते बदलले आणि प्रशस्त, स्वच्छ वगैरे सगळं खोडलं.

एका सकाळी प्रज्योत पडवीत आला. तो रडकुंडीला आला होता. हिरामण पायरीवर बसून रोपांना माती लावत होते.

"बाबा, आपण एकावर आलो," तो म्हणाला. "सगळ्यांनी मिळून एकावर आणलं. अर्धं गाव बोलायचं बंद झालंय. काहीतरी माफीचं लिहू का?"

"एक वाच," हिरामण म्हणाले.

"नको बाबा. बीपी वाढेल."

"वाच रे."

प्रज्योतने पहिलंच उघडलं. "'एक स्टार. पान एकाहत्तर, खालून तिसरी ओळ. आमच्या विहिरीला खारट म्हटलंय, ते साफ खोटं. आमची विहीर गोडीच आहे, फक्त मे महिन्यात नाही.'"

हिरामणनी हात धोतराला पुसले. "परत वाच."

"'पान एकाहत्तर, खालून तिसरी...'"

"खालून," हिरामण म्हणाले आणि घराकडे वळून त्यांनी सत्यवतीबाईंना हाक मारली, कारण ही गोष्ट एकट्याने ऐकण्यासारखी नव्हती. "अगं, बाहेर ये. लोकांनी खालून ओळी मोजल्यात."

त्या ओलं पीठ लागलेल्या हाताने बाहेर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विहीर खारटच हाय त्यांची."

"म्हणजे? तू वाचलंस?"

"न्हाय," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पण आता कोण काय म्हणतंय त्या सगळ्यांना उत्तर द्यायला लागणार. द्या इकडं ते पुस्तक."

आणि त्या पडवीतच बसून पहिल्या पानापासून भांडायला लागल्या.