शिंग ऐकूनही न धावलेल्या पांढऱ्या फौजेची हकीकत

श्रीनाडी प्रसन्न. जी चालते म्हणून आपण चालतो, तिला आधी नमस्कार करून लिहितो. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, कार्तिक शुद्ध पंचमी, ते दिवसापासून एका राज्यावर मोठे संकट गुदरले, त्याची हकीकत ऐसी जे. राज्याचे नाव लिहिले नाही. ते एका साठीच्या गृहस्थाच्या कातडीच्या आत वसले होते, आणि ऐसे राज्य लहानथोर प्रत्येकाच्या आत असते, सबब ज्याने त्याने आपले नाव घालावे. राज्याचे मध्यभागी हृदय महाराज सिंहासनी असत आणि साऱ्या मुलखास रक्त पुरवीत, आणि खुद्द महाराजांच्या तोंडी दोन घोट पडावे म्हणून एक वेगळा पाट होता, गव्हाच्या काडीएवढा रुंद. तो पाट तुंबला तर महाराज उपाशी, आणि महाराज थांबले तर राज्य बुडाले.

त्या पाटावर पांढऱ्या फौजेचा पहारा असे. वैद्य लोक त्यांस पांढऱ्या पेशी म्हणतात. पथकाचे हवालदार गंगोजी, मनुष्य इमानी परंतु हट्टी. फौजेचे रिवाज दोन. भिंतीत कुजके काही दिसले की जागच्या जागी खाऊन टाकावे, आणि एकाने शिंग फुंकले की बाकीच्यांनी विचारपूस न करता धावावे. या रिवाजांनी किती जखमा भरल्या, किती ताप परतविले, त्यास गणती नाही, म्हणून त्यांस बोल लावण्याची कोणाची छाती होत नसे. मग ऐसे जाहले की कारखानीस यकृतराव यांच्या भट्टीत गरजेहून जास्त चरबी निघू लागली, आणि ती पाटाने वाहता वाहता भिंतीच्या फटीत शिरली आणि तेथे खवट जाहली. गंगोजींचा धाकटा भाऊ म्हाळोजी पहाऱ्यावर होता. त्याने रिवाजाप्रमाणे ती खाल्ली, आणि मग आणखी खाल्ली, आणि इतका फुगला की ज्या फटीने आत गेला तीतून बाहेर येईना. मग त्याने शिंग फुंकले. दहा जण धावले, तेही जेवले, तेही फुगले, आणि त्यांनीही शिंगे फुंकली, तेव्हा शंभर धावले. भिंतीस फुगवटा येऊन पाट अर्धा राहिला, आणि गृहस्थ जिना चढता चढता छातीस हात लावून मध्येच बसू लागले. इकडे गंगोजी भावाच्या काळजीने हाडांच्या पोटातील अस्थिगडास रोज पत्र लिहीत की नवी माणसे पाठवावी, आणि गडावरून माणसे येत.

ते समयी वैद्यांनी बाहेरून स्टॅटिनपंत नामे वकील पाठविले. पंत बुटके आणि मितभाषी, गोळीच्या डोलीत बसून रोज सांजेच्या जेवणावर येत. त्यांनी प्रथम यकृतरावांची भट्टी मंद केली. यकृतराव रुसले आणि म्हणाले की आमचे काम पिढीजात, आणि कालचा पाहुणा आम्हांस विस्तव किती ठेवावा ते शिकवितो. पंतांनी वाद घातला नाही, फक्त रोज आले. तीन महिन्यांत पाटातील चरबी निम्म्यावर आली. मग राज्यात आनंदीआनंद जाहला, आणि साखर वाटावी ऐसे ठरले, ते वैद्यांनी अडविले. परंतु पंतांचे मुख उजळेना. त्यांनी वैद्यांकरवी खसखशीच्या दाण्याएवढा रक्ताचा थेंब काढविला आणि त्यातील पांढरे शिपाई मोजविले. अकरा हजार भरले.

गंगोजी मिशीवर हात फिरवून म्हणाले, "अकरा हजार, पंत. एवढा पहारा या पाटाने कधी पाहिला नव्हता."

"चोर निम्मे पळाले, हवालदार. मग फौज का वाढते?" पंत म्हणाले. "चरबी उतरली, भिंतीतली धग उतरली नाही. फुगवट्यावरचा पापुद्रा कांद्याच्या सालीएवढा आहे. आणखी माणसे आत शिरली तर तो फाटेल, तेथे रक्त गोठेल आणि घटकाभरात पाट बंद."

"आत माझा भाऊ आहे."

"म्हणूनच सांगतो. उद्या शिंग वाजेल. जाऊ नका."

दुसरे दिवशी शिंग वाजले. ती म्हाळोजीचीच फुंक, गंगोजींच्या लहानपणापासून ओळखीची. फौज उठली, आणि गंगोजी वाटेत आडवे उभे राहिले. मागून कोणी म्हणाला की हवालदारांचे कान गेले वाटते, आणि दुसरा म्हणाला की कान नव्हे, काळीज. गंगोजींनी ते ऐकले आणि जागचे हलले नाहीत. अस्थिगडास पत्र लिहिणे बंद केले. पंतांनी भिंतीवरचे दोर, जे धरून शिपाई आत चढत, ते एकेक करून उतरविले, आणि आतील गवंड्यांनी पापुद्र्यावर थरावर थर चढविले आणि चुना भरला. शिंग रोज वाजे, आणि रोज थोडे बारीक वाजे. मग एके दिवशी वाजलेच नाही. गंगोजी समजले की भाऊ गेला. त्यांनी अन्न सोडले, आणि पंतांकडे पाहीनात. पंत मात्र ठरल्या वेळी येत राहिले.

ऐसे कित्येक महिने गेले, आणि एके सकाळी भिंतीच्या फटीतून पोटातली चरबी झडून हाडकुळा जाहलेला एक शिपाई आधी डोके, मग खांदा, ऐसा तिरका होऊन बाहेर आला. तो म्हाळोजी.

"दादा, दम होता तोवर शिंग फुंकले," तो म्हणाला. "आला नाहीस."

"आलो असतो तर तुझ्याशेजारी फुगून बसलो असतो," गंगोजी म्हणाले.

"मी शिव्या दिल्या तुला. पोटभर."

"दे आणखी. ऐकतो."

म्हाळोजी म्हणाला की आधी काही खायला दे, फक्त तूप नको. तेव्हा गंगोजी हसले, आणि हसता हसता खालीच बसले, आणि ज्यांनी काळीज गेले म्हटले होते त्यांनीच त्यांस धरून उठविले.

येणेप्रमाणे संकट टळले. त्या साली थेंबात सात हजार शिपाई भरले आणि महाराजांस पुरते घोट मिळू लागले. फुगवटा समूळ गेला नाही, कित्येक शिपाई आतच राहिले, परंतु आता तेथे आग नाही आणि पापुद्रा जाड आहे. यकृतराव अद्याप कुरकुरतात. स्टॅटिनपंत अद्याप रोज येतात, आणि त्यांस नको म्हणण्याचा अधिकार वैद्यांवाचून कोणास नाही. बाळांनो, चरबी उतरली एवढ्याने लढाई सरत नाही, पहारेकऱ्यांसही विसावा द्यावा लागतो. इतके ध्यानी धरावे.