ताईंनी फेटाळला ताईंचा अर्ज

"अहो, बदला ना पटकन ते युजरनेम! दुपारी मालकीणबाईंसमोर माझी मुलाखत आहे," खरेदी विभागातल्या ताई संगणकवाल्याच्या डोक्यावर उभ्या होत्या.

"त्यापेक्षा नवीन खातं उघडून देतो की."

"नवीन खात्यात माझं जुनं काम कुठून दिसणार? कप्पाळ?"

ताईंचं म्हणणं खोटं नव्हतं. फर्निचरच्या त्या कारखान्यात माणूस निवृत्त झाला, की त्याची खुर्ची, त्याचं कपाट आणि त्याचं सॉफ्टवेअरमधलं खातं पुढच्याच्या गळ्यात पडायचं. विभागप्रमुख असलेले मोठे साहेब निवृत्त होऊन घरी बसल्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्या खात्यात राबत होत्या ताई आणि प्रत्येक खरेदीखाली नाव झळकत होतं साहेबांचं. आज विभागप्रमुख निवडायचा होता. मालकीणबाई पडद्यावर काम बघणार आणि त्यावर साहेबांचं नाव वाचणार, या विचारानं ताईंना रात्रभर झोप नव्हती. संगणकवाल्यानं मान डोलावली, चार बटणं दाबली आणि म्हणाला, "झालं!"

ताईंना हायसं वाटलं. चहाचा कप तोंडाला लावतात न लावतात तोच गोदामवाले काका दारात हजर.

"ताई, माझी बदली तुम्ही अडवलीत? मी तर साहेबांना शिव्या घालत होतो हो!"

"काहीतरीच काय, काका?"

"हे बघा ना. 'फेटाळला' आणि खाली ठसठशीत तुमचं नाव!"

ताईंनी पडद्यावर पाहिलं. खातं एकच, म्हणून नाव पार मागपर्यंत बदललं होतं. साहेबांची सगळी हयात आता ताईंच्या माथी! पहारेकऱ्याचा पंखा ताईंनी नाकारला होता. हिशेबनीसाच्या पाठदुखीला 'ढोंग' म्हणाल्या होत्या त्याही ताईच. बघता बघता दारात ही गर्दी जमली. कधी मान वर न करणारा हिशेबनीस कमरेवर हात ठेवून ताईंकडे असा बघत होता, की ताईंनी नजरच चुकवली.

"नाव परत फिरवा!" ताई संगणकवाल्यावर ओरडल्या.

"उद्यापर्यंत नाही फिरत. एकदा बदललं की सॉफ्टवेअर दिवसभर हात लावू देत नाही."

"हे आधी सांगायला तुमची जीभ झडली होती?"

"तुम्ही बोलू दिलंत का?" तो पुटपुटला. मग त्यानं पडदा ताईंकडे वळवला. "ताई, बढतीसाठी तुम्ही मागे अर्ज केला होतात ना? साहेबांनी फेटाळलेला? तोही आता... तुम्हीच फेटाळलाय."

तेवढ्यात बोलावणं आलं. दारातल्या गर्दीतून वाट काढत ताई निघाल्या.

मालकीणबाई चष्मा नाकावर ओढून पडदा वाचत होत्या. त्या वाचत राहिल्या आणि ताई रुमालाच्या घड्या घालत राहिल्या.

"'अर्जदार बाईंना अजून पुरेशी समज नाही,'" मालकीणबाईंनी मोठ्यानं वाचलं. "अर्जदार तुम्ही. फेटाळणाऱ्याही तुम्ही. इतकी कडक बाई मी आयुष्यात पाहिली नाही."

क्षणभर ताईंना मोह झाला. गप्प बसावं, कडक तर कडक. पण तीन वर्षं गिळलेलं सगळं घशाशी आलं.

"ते साहेबांनी लिहिलंय, बाई. मी आज फक्त खात्याचं नाव बदललं. ते निवृत्त झाल्यानंतरचं काम तेवढं माझं. लाकडाचा नवा करार, यंत्रांची खरेदी, सगळं माझं."

"तुमचं?" मालकीणबाईंनी चष्मा काढला. "अहो, निवृत्तीनंतरही साहेब घरून काम करतात ना? दर महिन्याला मी फोन करते. प्रत्येक खरेदी ते घडाघडा सांगतात. त्या लाकडाच्या कराराबद्दल तर मी त्यांचा केवढा सत्कार केला!"

ताईंना रडावं की हसावं कळेना. आणि आता हे सिद्ध तरी कसं करायचं? पडद्यावरच्या नावाचा काय भरवसा, हे तर त्यांनीच सकाळपासून दाखवून दिलं होतं.

नेमका त्यांचा मोबाईल वाजला. बंद करायच्या गडबडीत तो हातातून सटकून टेबलावर पडला. 'मोठे साहेब.'

"घ्या की," मालकीणबाई म्हणाल्या. "स्पीकरवर."

"अगं, आहेस कुठे तू?" साहेब करवादले. "सकाळपासून बघतोय, माझ्या नावानं खात्यात शिरताच येत नाहीये! काय घोळ घातलायस? आज बाईंचा फोन येईल. या महिन्यात तू काय काय खरेदी केलीस, ते मला आधी वाचून ठेवायला नको?"

ताईंनी मोबाईल मालकीणबाईंकडे सरकवला.

"राहू द्या, साहेब," मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आजपासून मी ते विभागप्रमुखांनाच विचारत जाईन. त्या इथे माझ्या समोरच बसल्यात."

मग साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले, "हो का? छान, छान. मी पहिल्यापासून म्हणत होतो, अर्जदार बाईंना समज फार!"