चौकातले चार संशयी

माझ्याइतकी सुरक्षित गाडी जर्मनीतल्या आमच्या अख्ख्या श्वाबेन प्रांतात कुणी चालवत नाही! रीतसर प्रशिक्षण घेतलंय मी. शिकवणाऱ्या हेबर्ले सरांचा एकच मंत्र: रस्त्यावरचा प्रत्येक माणूस चूक करणारच, असं धरून चला. हे मला शिकवायलाच नको होतं. शेजारी 'गुड मॉर्निंग' म्हणाला तरी याला आज काय हवंय, असं मला वाटतं.

प्रशिक्षणाला धाडलं बायकोने, गेर्लिंडेने. "आल्विन, आता गाडीला एक जरी पोचा आला, तर किल्ली माझ्याकडे. कायमची!"

मागे एका रविवारी सासूबाईंच्या वाढदिवसाला निघालो. गेर्लिंडेच्या मांडीवर क्रीमचा भलामोठा केक. चर्चजवळच्या उतारावर एक चौक लागतो. तिथे ना सिग्नल, ना पाटी. उजवीकडच्याला आधी जाऊ द्यायचं, एवढाच नियम. आणि नेमक्या चारही बाजूंनी चार गाड्या एकदम आल्या! प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी होतंच. सगळे थांबले.

समोरच्या बाईंनी मला हाताने 'जा' म्हणून खुणावलं.

"जा ना!" गेर्लिंडे म्हणाली.

"अगं, इथेच तर मेख आहे! मी पुढे गेलो की ही येऊन आदळणार, आणि वर म्हणणार, मी माशी हाकलत होते!"

मी उलट त्यांनाच खुणावलं. त्यांनी डोळे बारीक केले. डावीकडच्या आजोबांनी दिवे मिचकावले, तर उजवीकडच्या दाढीवाल्याने घाबरून गाडी मागे घेतली. शेवटी आम्ही चौघेही खाली उतरलो.

"बाई, तुम्ही का जात नाही?"

"तुमच्या हातावर भरवसा कोण ठेवणार? हेबर्ले सरांनी बजावलंय!"

"म्हणजे तुम्हीपण...?"

"मीपण!" आजोबा म्हणाले.

"मी तर दोनदा!" दाढीवाला म्हणाला.

चौघेही एकाच गुरूचे चेले! बाईंनी आधी जायचं ठरलं. पण बाकीचे जागचे हलणार नाहीत कशावरून? "सगळ्यांनी किल्ल्या माझ्याकडे द्या," आजोबा म्हणाले.

"आणि तुमची किल्ली कुणाकडे?" मी लगेच पकडलं त्यांना!

तेवढ्यात दाढीवाला म्हणाला, "ती चालत येतेय ती गाडी कुणाची?"

माझी! तिघांवर पाळत ठेवायच्या नादात मी हँडब्रेकच ओढला नव्हता. आत गेर्लिंडे किंचाळत होती. तिने केक सोडला, ब्रेक ओढला. गाडी बाईंच्या गाडीपासून वीतभर अंतरावर थांबली. केक मात्र थेट काचेवर!

"पोचा नाही आला!" मी धावत गेलो. "बघ, एकही पोचा नाही!"

गेर्लिंडे सरकून माझ्या सीटवर बसली, बाहीने काच पुसली, गाडी थोडी मागे घेतली आणि बाईंच्या गाडीच्या बाजूने सुसाट निघून गेली.

"वा! आता तीनच गाड्या," आजोबा खूश झाले, "माझी उजवी बाजू मोकळी, म्हणजे नियम लागू होतो!" तिघेही बिनबोभाट मार्गाला लागले. चौकात उरलो मी एकटा, आणि पायीच निघालो.

हल्ली मी बसने जातो. बसतो मात्र ड्रायव्हरच्या अगदी मागे. थांबल्यावर तो हँडब्रेक ओढतो की नाही, हे कुणीतरी बघायला नको?