सुकाणीकाकांची डावी बाजू

सुकाणीकाका माझ्या दुकानात मॉनिटर घ्यायला आले ते पिशवीत दोन बांगडे घेऊन. मला वाटलं, मिरकरवाड्याच्या बंदरावरून मासळीचा बाजार करून परस्पर आलेत. तर त्यांनी काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं, त्यावर एक बांगडा आडवा ठेवला आणि म्हणाले, "चीफ, ह्याचा फोटो काढ नि त्या पडद्यावर लाव." मी लावला. काका एकदा पडद्यावरचा बांगडा बघत, एकदा वर्तमानपत्रावरचा. पाचेक मिनिटांनी निकाल दिला, "पाठीवरचा निळा नाय हा. हां तर पेनाच्या शाईसारखां दिसतां. दुसरा दाखव."

दुसरा दाखवला, तिसरा दाखवला. तोवर वास दुकानभर झाला होता. पेनड्राइव्ह घ्यायला आलेल्या एक बाई दारातूनच परत गेल्या. तशीही माझ्याकडे गिऱ्हाइकांची रीघ लागलेली नसते. लोक येतात, वस्तू हाताळतात, मला तासभर शंका विचारतात आणि घरी जाऊन मोबाईलवरून मागवतात. त्या मानाने काका बरे म्हणायचे. ते विकत तरी घेणार होते.

काकांचं खरं नाव दत्ताराम. चौतीस वर्षं मालवाहू जहाजांवर सुकाणी होते, म्हणजे जहाजाचं चाक धरायचं आणि पाळी आली की पुढे लुकआऊटला, म्हणजे समुद्रावर नजर ठेवायला, उभं राहायचं. माझं दुकान ज्या इमारतीत खाली आहे, तिच्याच दुसऱ्या मजल्यावर ते एकटे राहतात. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण त्यांच्या घराला ते अजून कळलेलं नाही. गॅसचा सिलिंडर खिडकीच्या गजाला दोरीने बांधलेला असतो. जेवायच्या टेबलावरचं कापड ओलं करून अंथरतात, ताटं घसरू नयेत म्हणून. एकदा मी म्हटलं, "काका, इमारत हलत नाही हो." तर म्हणाले, "आज नाय हलत."

माणसांनाही त्यांनी जहाजावरच्या नोकऱ्या वाटून दिलेल्या. मी यंत्रं दुरुस्त करतो म्हणून चीफ इंजिनिअर, नुसतं चीफ. सोसायटीचे सेक्रेटरी कॅप्टन. त्यांना काका रोज सलाम ठोकतात आणि त्यांचं एक ऐकत नाहीत. माझ्या बायकोला मात्र ते जहाजाची मालकीण म्हणतात, आणि ती ते मनापासून मान्य करते.

त्यांचं ठेवणीतलं वाक्य एकच. "आधी काच पूस." लुकआऊटला काही दिसेनासं झालं तर आधी काच पुसायची, मग दिवा तपासायचा, मग यंत्र. माणसाच्या डोळ्यावर संशय घ्यायचा तो सगळ्यात शेवटी. काकांनी हा नियम जमिनीवरही लागू केला. लाईटबिल जास्त आलं तेव्हा त्यांना फडकं घेऊन मीटरची काच पुसताना मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आता अडुसष्टाव्या वर्षी या माणसाला गेमिंगचा मॉनिटर कशाला, हे सांगायला हवं. त्यांचा मुलगा मस्कतला. नात आर्या तिथेच वाढली, आता सोळा वर्षांची आहे. काकी गेल्या तेव्हा मुलाला वेळेवर विमान मिळालं नाही. तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर बाप-लेकांचं फोनवरचं बोलणं हवापाण्यावर आलं. आर्याने मात्र वेगळीच वाट काढली. ती आणि तिच्या मैत्रिणी इंटरनेटवर एक बंदुकांचा खेळ खेळतात. पाच जण या बाजूला, पाच जण त्या बाजूला. एकांनी जागा राखायची, दुसऱ्यांनी घुसायचं. त्यांची पाचवी मैत्रीण दुसऱ्या देशात निघून गेली. नव्या संघाची नोंदणी करायला पाच नावं हवी होती. आर्याने आजोबांचं नाव घातलं. तात्पुरतं म्हणून घातलेलं ते नाव दीड वर्ष झालं तसंच आहे.

तर दर शुक्रवारी, आमचे चार म्हणजे मस्कतचे अडीच वाजता, काका स्वच्छ शर्ट घालून, केस विंचरून संगणकापुढे बसतात. समोरच्या पाच जणांना त्यांचे केस दिसत नाहीत, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "ड्युटी ती ड्युटी," एवढंच म्हणाले.

पंधरा दिवस आमची निवड चालली. काकांचा जुना मॉनिटर सेकंदाला साठ चित्रं दाखवायचा. एकशे चव्वेचाळीस दाखवणारे असतात म्हटल्यावर ते म्हणाले, "म्हणजे मी येवडा वेळ निम्म्या डोळ्यांनी पहारा केला?" मी त्यांच्यासाठी पडद्यावर एक ठिपका इकडून तिकडे पळवून दाखवायचो. ज्याचा रंग चांगला, त्यात ठिपक्याच्या मागे सावली ओढली जायची. काका त्याला शेपूट म्हणत. ज्यात शेपूट नाही, त्यात बांगडा पांढरा पडायचा. सत्तावीस इंची त्यांनी बघताक्षणी नाकारला. "मान वळवली की वॉच गेला," म्हणाले. वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी. शेवटी चोवीस इंची, वेगवान, बांगड्याच्या परीक्षेत काठावर पास झालेला एक घेतला आणि छातीशी धरून जिना चढले.

दुसऱ्याच शनिवारी तो परत आला. "चीफ, डावीकडं काळोख हाय ह्याच्या."

मी लावून पाहिला. पांढरा पडदा, काळा पडदा, लाल, हिरवा. कुठे काही नाही. पण गिऱ्हाईक आणि वर शेजारी. बदलून दुसरा दिला. दोन शुक्रवार गेले आणि तोही आला. "काळोख." तिसरा मी मुद्दाम वेगळ्या कंपनीचा मागवला, जरासा वळणदार. तोही परत घेऊन काका आले तेव्हा दाराच्या चौकटीला त्यांचा डावा खांदा जोरात आपटला. ते चौकटीलाच सॉरी म्हणाले.

त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळपासून एक माणूस दुकानात फिरकला नव्हता. मी फाडकन बोललो, "काका, तीन मॉनिटर, दोन कंपन्या, आणि सगळ्यांची डावीच बाजू खराब? थट्टा लावलीय काय माझी? काच पुसलीत ना? मग आता..." आणि तिथे माझीच जीभ अडखळली. पुढचं मला काकांच्या आधी कळलं होतं.

काका काउंटरपलीकडे उभे होते. मी माझा हात त्यांच्या तोंडापुढे, जरा त्यांच्या डावीकडे धरला. बोटं हलवली. काका शांतपणे माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बोल ना. मग आता काय?"

मला फार वाईट वाटलं. ओरडल्याचं वाटलं, आणि खांदा आपटताना बघून हसू आलं होतं त्याचंही वाटलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तक्ता वाचायला लावला. काकांनी शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. डॉक्टर म्हणाले, डोळे उत्तम आहेत, तुम्ही मेंदूच्या डॉक्टरांकडे जा. तिथे फोटो काढले. कधीतरी, बहुधा झोपेत, एक छोटासा झटका येऊन गेला होता. दोन्ही डोळ्यांची डावीकडची अर्धी नजर त्यात गेली. आणि गेलेली बहुतेक परत येत नाही, म्हणाले. पुन्हा झटका येऊ नये म्हणून गोळ्या दिल्या.

रिक्षात माळनाका मागे पडला तेव्हा काका म्हणाले, "मुलाला सांग काय तां. आर्याला नको सांगूस."

"का?"

"आमच्यात नजर गेली की साईन ऑफ. सामान घ्यायचां नि पुढच्या बंदराला उतरायचां. कितीजण उतरलेले बघितले मी. कोण नीट बोलत पण नाय मग." त्यांनी माझं मनगट धरलं. "माझां एवढां एकच हाय रे शुक्रवारचां. तां नको घालवूस."

मी शब्द दिला. देताना मला ठाऊक होतं की मी तो पाळेनच असं नाही. मुलाला फोन केला. तो लगेच तिकीट बघतो म्हणाला.

पुढचा शुक्रवार आला. नव्या गोळ्यांनी काकांना गुंगी येत होती, दुपारी जेवून ते आडवे झाले ते उठलेच नाहीत. चार वाजून गेले आणि माझा फोन वाजला. आर्या. काकांनी अडीअडचणीला म्हणून तिला माझा नंबर दिलेला होता. "काका, आजोबा ऑनलाइन आले नाहीत. ते कधीच उशीर करत नाहीत. प्लीज वर जाऊन बघाल?"

मी म्हटलं झोपलेत. ती म्हणाली, "नक्की ना?" त्या "नक्की ना"पुढे माझा शब्द टिकला नाही. सगळं सांगून टाकलं. डावी बाजू, डॉक्टर, गोळ्या. आणि वर हेही सांगितलं की तू त्यांना संघातून काढशील अशी त्यांना धास्ती आहे.

ती म्हणाली, "झटक्याचं मला माहीत नव्हतं. पण त्यांना डावीकडून आलेला दिसत नाही, हे आम्हाला चार महिन्यांपूर्वीच कळलं. मला वाटलं वयामुळे असेल. म्हणून मी त्यांना खेळात मागच्या दारावर ठेवते. तिकडून कोणी येत नाही. चारच जणी खेळतो आम्ही खरं तर. खूप खाली गेलो आम्ही क्रमवारीत." आणि मग घाईघाईने, "मैत्रिणी म्हणाल्या दुसरी कोणीतरी घेऊ. मी नाही म्हटलं. तुम्ही त्यांना हे सांगू नका हं, काका. त्यांना वाईट वाटेल."

झालं. आता दोन्ही बाजूंचे शब्द माझ्यापाशी. आजोबांचं नातीला सांगायचं नाही, तो तर मी मोडलाच होता; वर नातीचं आजोबांना सांगायचं नाही.

संध्याकाळी वर गेलो. काका उठून बसले होते, चेहरा उतरलेला. "वॉच चुकला," म्हणाले. "चौतीस वर्षांत कधी चुकला नव्हता."

मी आपलं धीर द्यायला म्हटलं, "एका शुक्रवारने काय होतंय? आर्या म्हणत होती तुमचं दार एकदम भक्कम असतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणारा माणूस त्यांना उरलेल्या उजव्या नजरेनेही पुरता दिसत होता. "फोन आलेला काय तिचा? सांगितलंस?"

मी मान खाली घातली. रागावतील असं वाटलं होतं. पण ते म्हणाले, "त्या दारातून कोण येत नाय, तां मला म्हायत हाय चीफ. पयल्या दिवसापासून म्हायत हाय. मी लुकआऊटचा माणूस. कुठं काय येतां नि कुठं येत नाय, येवडां मला कळत नसेल? पोरीनं जागा दिली, मी उभा राहिलो. तिला कशाला सांगू?"

आता मात्र मी चक्रावलो. "मग मॉनिटर कशाला पाहिजे होता? तीन तीन मॉनिटर बदललेत, माझा जीव खाल्लात! दारातून कोणी येणार नाही हे माहीत होतं, तर वेगवान पडदा घेऊन काय बघणार होतात?"

काका जरा ओशाळले. टेबलावरच्या ओल्या कापडावरून उगाच हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "पडद्यावर डावीकडं आमच्या पाच जणांची नावां असतात. जो बोलतो त्याचां नाव पेटतां. आर्या बोलली की तिचां पेटायचां. सगळ्या पोरी एकदम किलबिल करतात, माझ्या कानाला आवाज ओळखू येत नाय. नाव पेटलां की कळायचां, ही बोलतेय. चार महिने झाले, तां दिसत नाय. वाटलां, चांगला मॉनिटर घेतला तर दिसेल."

मी उठलो आणि संगणकाचं टेबल भिंतीपासून ओढलं. मॉनिटर उचलून अगदी उजव्या कडेला नेला. काकांची खुर्ची डाव्या टोकाशी अशी लावली की समोर नाकासरळ बघितलं तर पडद्याची डावी कड यावी आणि उरलेला सगळा पडदा उजवीकडे पडावा. हे करायला मला पंधरा मिनिटं लागली. तीन मॉनिटर विकताना मला हे सुचलं नव्हतं. कोणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा म्हातारा पडद्याच्या शेजारी बसून भिंतीकडे बघतोय.

पुढच्या शुक्रवारी दुकानाचं शटर अर्धं ओढून मी वर गेलो. मुलाच्या तिकिटाचं अजून बघणं चालू होतं. काका स्वच्छ शर्टात त्या वाकड्या मांडणीत बसले होते. हेडफोन कानाला, हात माऊसवर. खेळ सुरू झाला. त्यांचा शिपाई चालत जाऊन मागच्या दाराशी उभा राहिला. तिथे कोणी आलं नाही. लांब कुठेतरी गोळीबार चालला होता, त्यांच्या चार जणी एकेक करून पडत होत्या. काका एकदाही तिकडे वळले नाहीत. पडद्याच्या डाव्या कडेवर नजर लावून बसून राहिले.

एक नाव पेटलं. विझलं. दुसरं पेटलं. मग तिसरं, आर्याचं.

काकांनी माऊस सोडला, डावा हात उचलला आणि पडद्यावरच्या त्या नावावर एक बोट ठेवलं. नाव विझलं तरी बोट काढलं नाही.