सहा भरलेल्या, सहा रिकाम्या

दि. २२ फेब्रुवारी १९७६, रविवार, सकाळी दहा. हजर: मी (चिटणीस), लोखंडे काकू, बोंद्रे वहिनी आणि निरोप गेल्यावर उमाठे सर. विषय एकच: सरांनी सहा घरी रिकाम्या वाट्या का दिल्या?

आमच्या ओळीत तेरा क्वार्टरं. पाण्याच्या वेळा, गच्चीच्या पाळ्या, सगळ्याच्या याद्या माझ्याकडे. उमाठे सर कॉलेजात मानसशास्त्र शिकवत. निवृत्त झाल्यावर विद्यार्थी संपले, प्रयोग उरले, आणि ते आमच्यावर होऊ लागले.

प्रयोगांचे प्रकार त्यांनी मला दारातच समजावले होते. "प्रयोगशाळेतला, क्षेत्रीय अन् नैसर्गिक. पहिले दोन आपण मांडतो. तिसरा आपोआप होते. आपण फक्त नोंदवाचं."

प्रयोगशाळा म्हणजे त्यांचं स्वयंपाकघर. एकाच पातेल्यातला चहा दोन कपांत ओतून त्यांनी आमच्या ह्यांना विचारलं, "यातला चांगला कोणता?" ह्यांनी पाव तास घेतला आणि डावा कप कारणांसह निवडला. मी हसले, तर सर म्हणाले, "निष्कर्षाची घाई काहून करून राहिल्या? नोंदवा!"

क्षेत्र म्हणजे बर्डीचा बाजार. उन्हं उतरल्यावर, आभाळ कोरडं असताना, छत्री उघडून सर रस्त्याकडेला उभे राहिले. अजून कोण छत्री उघडतं हे बघायचं होतं. कोणी उघडली नाही. एक अनोळखी म्हातारे गृहस्थ मात्र त्यांच्या छत्रीत शिरले आणि गप्पा मारत थेट आमच्या फाटकापर्यंत आले. सरांनी वहीत लिहिलं, 'अनपेक्षित. बरं वाटलं.' मग 'बरं वाटलं' खोडलं. ते मोजता येत नाही म्हणे.

आता वाट्या. काटोलची संत्री आणून सरांनी स्वतः सोलली, शिरा काढल्या आणि सहा वाट्यांत नऊ-नऊ पाकळ्या मोजून भरल्या. उरलेल्या सहा वाट्या रिकाम्याच. मग बाराही घरी स्वतः जाऊन एकेक वाटी हातात ठेवली आणि एक शब्द न बोलता परत फिरले.

"सर, रिकामी वाटी कोनी देते का?" लोखंडे काकूंनी सभेला सुरुवात केली. "मले वाटलं साखर संपली. भरून पाठवली."

"मी तर डाळ दिली," बोंद्रे वहिनी म्हणाल्या. "भिजवलेली. म्हटलं, एकटा माणूस, भिजवाले कुठं इसरन."

"रिकाम्या वाट्या म्हणजे नियंत्रित गट!" सर कळवळले. "तुलनेसाठी असते तो. त्यात काही भराचं नसते, वहिनी! सहाच्या सहा भरून आल्या. अन् भरलेल्या दिल्या त्या सहा घरांतून एकही नाही. काहून?"

त्या सहांतली एक माझ्या फळीवर होती. मी म्हटलं, "सर, पाकळ्या खाल्ल्या, पण वाटी रिकामी कशी परत करणार? काही चांगलं केलं की त्यात घालून देऊ, म्हणून थांबलोय सगळ्या."

सरांनी वही माझ्यापुढे सरकवली. "तक्ता चुकला माझा. तुम्ही नीट आखून द्या, मालतीताई."

तक्त्याला मथळा लागतो, म्हणून मी पहिलं पान उघडलं. वर लिहिलं होतं, 'नैसर्गिक प्रयोग. शकुंतला गेल्यापासून घरी आलेल्या वाट्या: शून्य.' खाली, 'प्रश्न: घरात बाई नसली, तर वाटी येते काय?'

सरांच्या पत्नी शकुंतलाबाई दिवाळीआधी गेल्या. तोवर त्यांच्या आमच्या वाट्या आठवड्यातून दोनदा ये-जा करत. मीही नंतर काही पाठवलं नव्हतं. वाटी भरून परत करायची पंचाईत सरांना कशाला, असं वाटे. बाकी अकरा घरांनाही तसंच वाटलं असणार.

"काय लिहिलं वं?" काकूंनी मान लांब केली.

"मानसशास्त्राचं आहे. अवघड आहे," मी म्हटलं आणि वही मिटली.

सभा संपल्यावर मी पाच घरी जाऊन आले. काय बोलले ते वहीत नाही. आठवडाभरात सरांकडे पाच वाट्या गेल्या: लाडू, सांजा, वडीभात, पुन्हा लाडू आणि एकीत नुसतं लोणचं.

सहावी माझ्याकडे आहे. दर रविवारी दहाला सर येतात. "मालतीताई, एक वाटी येणं आहे. त्याच्याशिवाय निष्कर्ष निघत नाही."

"या आठवड्यात राहिलंच बघा, सर. बसा."

ते बसतात. मी एकाच पातेल्यातला चहा दोन कपांत ओतते, आणि चांगला कोणता यावर त्यांचं आणि ह्यांचं तासभर चालतं.

वाटी घासूनपुसून फळीवर आहे. काठावर 'सौ. शकुंतला उमाठे' कोरलेलं आहे. माझ्या यादीत एकही काम आठवड्याच्या वर राहत नाही. फक्त 'उमाठे सरांची वाटी परत करणे' हे दर सोमवारी पुढच्या पानावर उतरवून घेते.