झाकणाची पात्रता

लोकशाहीत प्रश्न पुष्कळ असतात, रविवार मात्र आठवड्यातून एकच येतो. म्हणून कोणता प्रश्न हाती घ्यायचा हे ठरवणं हेच चळवळीचं खरं काम, असं महिपतराव चाळके मानत. डोंबिवलीतल्या मानपाडा नागरिक हक्क मंचाचे ते सरचिटणीस. मंचाने आजवर एक्केचाळीस आंदोलनं केली आणि सगळीच्या सगळी यशस्वी झाली (अहवालात अपयशाचाही रकाना आहे, तो कोरा असतो).

यामागची पद्धत साधी होती. ज्या कामाचा आदेश आधीच निघालाय, तोच प्रश्न मंच हाती घेई. सोमवारी डांबर येणार असेल तर रविवारी धरणं. यात महिपतरावांना लबाडी मुळीच दिसत नसे. हरणाऱ्या आंदोलनाने लोकांचा धीर सुटतो, आणि लोकांचं त्यांना फार वाटे.

वैशाली जाधव तिसऱ्यांदा आली, तेव्हा तिच्या चाळीच्या तोंडाशी गटार पाच महिने उघडं होतं. सासूबाई त्यात पडून, पाय मोडून घरी बसल्या होत्या.

"काका, पोरं तिथूनच शाळेत जातात. आतातरी घ्या ना विषय."

महिपतरावांनी तक्ता काढला. कळकळ: दहापैकी दहा. फलकावर मावतो का: नऊ. आदेश निघालाय का: शून्य.

"अगं, प्रश्न चांगलाय तुझा," ते हळहळले, "पण अजून तयार नाही झालेला."

शेवटी वैशालीने आणि शेजारच्या स्वप्नाने जुन्या ओट्याची कडप्पा फरशी ओढत आणली आणि गटारावर टाकली. पोरं बिनघोर शाळेत जाऊ लागली. हे कळताच महिपतरावांना भरून आलं. प्रश्न सुटला होता, म्हणजेच पात्र झाला होता.

पुढच्याच रविवारी बेचाळिसावं आंदोलन झालं. साडेदहाला झाकणाची मागणी, पावणेअकराला विजय. फोटोसाठी अकरा पदाधिकारी त्या फरशीवर चढले. आधी फोटो निघाला, मग फरशी मोडली (क्रम महत्त्वाचा). दोन उपाध्यक्ष गुडघ्यापर्यंत भिजले, बाकी सगळं शांततेत पार पडलं.

वैशाली तुकड्यांकडे बघत उभी राहिली. "काका, आता?"

"आता तर प्रश्न सुटलेलाच नाही," महिपतराव खरोखरच दुःखी होऊन म्हणाले. "आता कसा घेणार?"

फोटो मात्र झकास आला. फेसबुकवर त्याला चौदाशे अंगठे मिळाले. त्यात वैशालीचा नाही, ती दुसरी फरशी शोधतेय. तुमचा आहे, वरून सातवा. खाली तुम्ही लिहिलंयसुद्धा, 'अभिनंदन, असेच लढत राहा.'